मदत हवी आहे: पेडल दाबलं की पियानो तडतडतो

वैतागलेला_वादक
जाणकारांनी प्लीज लवकर सांगा. लॅपटॉपवर नवीन कॉन्सर्ट ग्रँडची लायब्ररी (खऱ्या पियानोच्या रेकॉर्डिंगचा संच) टाकलीये, आवाज खतरनाक आहे पण पेडल दाबून जरा वेळ वाजवलं की तडतड सुरू होते आणि मधेच सूर तुटतात. बफर (आवाज आधीच तयार करून ठेवायची जागा) वाढवून झाला, ढिम्म फरक नाही. उद्या सकाळी शॉर्ट फिल्मचं पार्श्वसंगीत द्यायचंय आणि शेवटची ३ मिनिटं नुसता पियानोच आहे. आधीच धन्यवाद.

मंद्रसप्तक
कुठली लायब्ररी, केवढी, रॅम किती, बफर किती होता आणि किती केलात? नुसतं "वाढवला" म्हणून कसं कळणार?

काळी_पाच
पियानोटेक (मॉडेलिंगवाला पियानो) घे आणि सुटका करून घे. त्यात रेकॉर्डिंग नसतंच, तार, हातोडी, साउंडबोर्ड सगळं तिथल्या तिथे गणिताने तयार होतं. इन्स्टॉल करायला काही एमबी लागतात. मी सॅम्पलवाले (म्हणजे रेकॉर्डिंगवाले) सगळे पियानो उडवले, एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

वैतागलेला_वादक
बफर ५१२, रॅम १६ जीबी, लायब्ररी ९० जीबीच्या आसपास. मॉडेलिंग नको हो, डिरेक्टरने हाच आवाज ऐकून ओके केलाय.

सुरेल_सुस्त
कीबोर्ड कुठला वापरता? ८८ वेटेड कीज नसतील तर कितीही भारी पियानो टाका, उपयोग शून्य. हातोडीचं वजन बोटाला जाणवलंच पाहिजे. आधी वेलोसिटी कर्व्ह (पट्टी किती जोरात दाबली की किती आवाज) नीट लावा.

वैतागलेला_वादक
कीबोर्डचा काय संबंध?? माउसने टाकलेल्या नोट्सही तडतडतात.

मंद्रसप्तक
लायब्ररी ठेवलीये कुठे?

वैतागलेला_वादक
एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. लॅपटॉपमध्ये जागा कुठाय? पण प्रोसेसर २० टक्क्यांवर पण जात नाही, मग डिस्कचं काय?

मंद्रसप्तक
अहो सगळी गोम तिथेच आहे, आणि हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायचं की! ९० जीबी काही १६ जीबी रॅममध्ये मावणार नाही. म्हणून सॅम्पलर (लायब्ररी वाजवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा तेवढा रॅममध्ये धरून ठेवतो आणि पट्टी दाबली की उरलेला डिस्कवरून ओढत राहतो. तुम्ही वाढवलात तो ऑडिओचा बफर, त्याने डिस्कचा वेग थोडीच वाढतो. आता हिशोब करा, २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा एक स्टिरिओ आवाज सेकंदाला २८८ केबी मागतो (कॉम्प्रेशन धरलेलं नाही). पेडल खाली आहे म्हणजे आधीचे सूर सुटतच नाहीत, समजा ४० साचले आणि माइक (त्याच सुराची वेगवेगळ्या जागेवरून केलेली रेकॉर्डिंग) ३ चालू आहेत, झाले १२० आवाज, सेकंदाला साधारण ३५ एमबी. तेवढं सलग वाचायचं असतं तर डिस्कने हसत दिलं असतं, पण इथे तिला १२० ठिकाणी डोकं नाचवत वाचायचंय. तिथे ती दमते आणि तुम्हाला तडतड ऐकू येते. किती माइक चालू आहेत?

वैतागलेला_वादक
क्लोज, प्लेअर, रूम. तिन्ही. बाय डिफॉल्ट तसंच होतं.

काळी_पाच
म्हणूनच म्हणत होतो मॉडेलिंग घे.

मखमल
तुमचं प्रत्येक धाग्यावर तेच असतं. मॉडेलिंगमध्ये मधल्या सप्तकात संथ एकेक सूर वाजवून बघा, मला तरी अजून प्लास्टिक वाटतं.

काळी_पाच
डोळे बांधून ओळखून दाखवा मग. तुमच्या सॅम्पलमध्ये वेलोसिटीचे १२७ टप्पे असतात आणि रेकॉर्डिंगचे थर १५-२०. मधलं सगळं जुगाडच ना?

सुरेल_सुस्त
अवांतर: बोझेनडॉर्फर इंपीरियलला ९७ पट्ट्या असतात, खालच्या जास्तीच्या काळ्या रंगवलेल्या. वाजवल्या नाहीत तरी त्या तारा बाकीच्यांबरोबर घुमतात.

मंद्रसप्तक
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या, माणसाला उद्या काम द्यायचंय. वादक, आत्तापुरतं फक्त क्लोज माइक ठेवा आणि काम पुरं करा. शेवटी तिन्ही चालू करून ऑफलाइन एक्सपोर्ट मारा. तेव्हा सॉफ्टवेअरला घाई नसते, डिस्क देईल तेव्हा घेतं.

वैतागलेला_वादक
केलं. एक्सपोर्टमध्ये तडतड गेली, पण सूर अजून तुटतायत! शेवटच्या भागात डाव्या हाताचा खालचा सी पेडलवर धरलाय, वर उजव्या हाताचे आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) सुरू झाले की ५-६ सेकंदांत तो गायबच होतो.

मखमल
हा डिस्कचा दोष नाही. व्हॉइसेसची (एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची) मर्यादा बघा, किती आहे?

वैतागलेला_वादक
६४

मखमल
मग बरोबर. एका सुराला ३ माइक, म्हणजे ६४ मध्ये जेमतेम २१ सूर. मर्यादा भरली की बहुतेक सॅम्पलर सगळ्यात जुना आवाज आधी कापतात, आणि तुमचा सी सगळ्यात जुना. ४०० करून परत एक्सपोर्ट करा.

मंद्रसप्तक
+१. हे माझ्या डोक्यातून निसटलं. बोट उचलल्याचे रिलीज सॅम्पलही त्यातच मोजले जातात.

वैतागलेला_वादक
झालं!!! सी शेवटपर्यंत राहतोय, हळूहळू विरत जातोय. दोघांचेही आभार. आता ऐकतो तर रूम माइक जरा जास्तच वाटतोय, खाली आणतो आणि पाठवून देतो.

नवा_गडी
धागा पूर्ण वाचला नाही, पण ड्रायव्हर अपडेट करून बघितला का?