कानाचं मशीन आणि विमानप्रवास : तुमचे अनुभव सांगा

पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा सिक्युरिटीच्या रांगेत मी दोन्ही कानांतली मशिनं काढून ट्रेमध्ये ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच शहाणपणा केला. ट्रे गेला पुढे, आणि पलीकडचा कर्मचारी मला काहीतरी विचारायला लागला. ओठ हलताना दिसत होते, बस्स. मागची रांग तुंबली. नंतर मशीन बसवून देणारी ऑडिओलॉजिस्ट हसली. म्हणाली, कमानीतून आणि स्कॅनरमधून मशीन घालूनच जायचं, त्याला काही होत नाही. आता मी आधीच कानाकडे बोट दाखवून सांगते. तुमचं काय काय झालं? फजित्याही चालतील.

*

फजितीच सांगतो. तिकीट काढताना ‘ऐकू कमी येतं, मदत हवी’ अशी नोंद केली. दारातच एक जण व्हीलचेअर घेऊन उभा! म्हटलं, अहो, पाय धडधाकट आहेत. तो म्हणे, ‘सर, यादीत नाव तुमचंच आहे, बसा.’ पुढे कळलं की विमान कंपन्यांच्या नोंदीत ऐकू न येणाऱ्यांसाठी ‘डेफ’ असा वेगळा कोड असतो आणि चाकाच्या खुर्चीचे कोड निराळे. तेव्हापासून फोन करून, नेमका कोणता कोड टाकलाय ते वदवून घेतो (म्हणजे बायको फोन करते). तरी दोनदा खुर्ची आलीच. दुसऱ्यांदा बसलो. रांग फार लांब होती.

*

सेल हातातल्या बॅगेत ठेवा. माझी सेलची पाकिटं मोठ्या बॅगेत होती आणि बॅग भलत्याच विमानात. चार्जिंगवाली मशिनं असतील तर पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायला मुळात परवानगीच नसते.

*

सेलवरून आठवलं. हे जस्ताचे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की भोकांतून हवा आत जाते, मग सेल जागा होतो. विमानात घाईघाईनं स्टिकर ओढून लगेच आत घातला, तर मशीन मेल्यासारखं. दुसरा घातला, तोही तसाच. तीन सेल ‘खराब’ ठरवून झाल्यावर लक्षात आलं, मिनिटभर उघडा ठेवायचा असतो.

*

मला त्रास उतरताना होतो. माझा मोल्ड (मशीनचा कानाच्या मापानं बनवलेला, आत बसणारा भाग) घट्ट आहे. कानात दडे बसतात ते पडद्यामागच्या हवेमुळे, त्यात मोल्डनं बाहेरूनही बूच मारलेलं. मी मोल्ड काढून हातात धरते, आवंढे गिळते, दडे सुटले की परत घालते. तेवढा वेळ कुणी काय बोललं ते मला विचारू नका. आणि प्रवासात आवाज वाढवण्याच्या भानगडीत पडू नये, इंजिनाची घरघरही तितकीच वाढते. गोंगाटासाठीचा वेगळा प्रोग्रॅम बसवून घेतलाय, त्यानं जरा बरं पडतं. मानेखालची उशी कानाला टेकली की शिट्टी वाजते ते वेगळंच.

*

एका प्रवासात हवाईसुंदरीनं ‘हेडफोन’ काढायला लावले. हिअरिंग एड आहे म्हटल्यावर ओशाळली बिचारी. अमेरिकेच्या विमान नियमांत तर इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरण्यावरच्या बंदीतून पेसमेकर आणि दाढीच्या इलेक्ट्रिक यंत्राच्या जोडीनं हिअरिंग एडला नावानिशी सूट आहे. दाढीचं यंत्र त्या यादीत कसं शिरलं हे कोडं मला सुटलेलं नाही.

*

माझ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) आहे. कमान कधी वाजते, कधी नाही, म्हणून इम्प्लांटचं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवते. एकदा झोपेत डोक्यावरची कॉइल (यंत्राचा बाहेरून चुंबकानं चिकटणारा भाग) गळली. सीटखाली, ब्लँकेटमध्ये, मोबाइलचा उजेड पाडून सगळीकडे शोधली. शेवटी चुंबकानं सीटबेल्टच्या बकलला चिकटलेली सापडली!

*

मी सरळ मशीन काढून, डबीत ठेवून झोपतो. रडणारं बाळ शेजारी असलं तरी बेहत्तर.

*

पण शेजारच्याला सांगून ठेवता ना? मी नव्हतं सांगितलं. त्या बाई माझ्याशी तासभर बोलत होत्या म्हणे, आणि माझी मान डुलत होती.