मदत हवी आहे: संस्थेचा रेडिओ काढायचाय, परवाना कुठला आणि पैसे कोणाचे?

माळरान (धागाकर्ती)
नमस्कार. आम्हाला रेडिओ सुरू करायचा आहे. रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे आणि ठराव मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तीन दिवस नेटवर शोधतेय, दर ठिकाणी वेगळं लिहिलंय. कोणी सरकारी, खाजगी, सामुदायिक असे प्रकार सांगतं, कोणी कॉलेजचा रेडिओ वेगळा धरतं, कोणी म्हणतं परवान्याची गरजच नाही. आम्ही परवाना कुठला घ्यायचा? मालक म्हणून कोणाचं नाव लागतं? दर महिन्याचा खर्च कशातून निघतो? एक देणगीदार तयार आहेत. ते म्हणतात खाजगी एफएमच काढू, सगळा खर्च मी करतो. मग तेच करावं का? कृपया लवकर सांगा आणि 'गूगल करा' असं सांगू नका, ते करून झालंय.

उंबरठा
ताई, संस्था कसली? ट्रस्ट, सोसायटी, कंपनी? नोंदणी कधीची? देणगीदार कोण? आणि ऐकणार कोण? यातलं काहीच लिहिलेलं नाहीये.

माळरान
नोंदणीकृत संस्था आहे, पाणी आणि महिला बचत गट यांवर काम करते. तालुक्यातल्या अठरा गावांत काम आहे. ऐकणार सगळेच. मला फक्त परवान्याचं सांगा ना.

जाहिरातवाला
'सगळेच' या उत्तरावर रेडिओ चालत नाही. मी नऊ वर्षं एका खाजगी एफएम वाहिनीत जाहिरात विक्रीत होतो, म्हणून आतलं सांगतो.

खाजगी वाहिनी सुरू करताना पहिला प्रश्न 'काय ऐकवायचं' हा नसतो. कुठल्या वयाचा, किती कमावणारा माणूस जाहिरातदाराला दाखवायचा हा असतो. त्यावरून गाणी ठरतात. पंचविशीतला नोकरदार हवा असेल तर नवी गाणी, तीच पुन्हा पुन्हा. चाळिशीपुढचा हवा असेल तर जुनी. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ माणसं रस्त्यात असतात, तेव्हाचे दर सगळ्यांत चढे. श्रोत्याला फुकट मिळतं कारण पैसे दुसरा कोणी देतो. श्रोत्यांची मोजणी मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता एवढ्या चारच शहरांत व्हायची, घरोघरी डायरी भरून घेऊन. तुमच्या गावातल्या पासष्टीच्या आजी दिवसभर रेडिओ लावून बसल्या तरी त्या त्या आकड्यांत कुठेच नसतात. हा कोणाचा दुष्टपणा नाही. त्या पैशाची वाटच तशी आहे.

आता देणगीदारांचं. खाजगी एफएम तालुक्याला हवं म्हणून मिळत नाही. केंद्र सरकार शहरांची यादी काढतं आणि वाहिन्यांचा लिलाव करतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये २३४ नव्या शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी मिळाली. बोली कंपनीच लावू शकते, ट्रस्ट किंवा एकटा माणूस नाही. वर दरवर्षी उत्पन्नातला वाटा सरकारला. खाजगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात तर ठरीव शुल्क होतं आणि ते दरसाल १५ टक्क्यांनी वाढत जायचं. त्यात भले भले मोडले, मग २००५मध्ये दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर गाडी आली.

सातवा_मजला
एवढं सगळं कशाला? इंटरनेट रेडिओ काढा. स्पेक्ट्रम (सरकारनं दिलेला लहरींचा पट्टा) नको, मनोरा नको, लिलाव नको. मी स्वतः दोन वर्षं चालवतोय. एक लॅपटॉप आणि बरा मायक्रोफोन बास. अठरा गावं कशाला, परदेशात गेलेली मुलंही ऐकतील.

माळरान
परदेशातल्या मुलांसाठी नाहीये हो. घरात फोन एकच असतो आणि तो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. बायका दुपारी घरी असतात तेव्हा फोन घरात नसतो.

उंबरठा
हे तुम्ही पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं. म्हणजे तुमचा रेडिओ 'सगळ्यां'साठी नाही, दुपारी घरी असणाऱ्या बायकांसाठी आहे.

@सातवा_मजला, इंटरनेट वाईट नाही, पण गाण्यांचं काय करता? कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये कलम ३१ड आलं, त्यानुसार प्रसारकाला ठरलेल्या दरानं स्वामित्वधन भरून गाणी वाजवता येतात. ही सोय इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९मध्ये सांगितलं. तुम्ही प्रत्येक कंपनीशी वेगळा करार केलाय का?

सातवा_मजला
मी शास्त्रीय संगीताच्या स्वतः केलेल्या ध्वनिमुद्रणांवर चालवतो, गायकांची लेखी संमती घेऊन. तेव्हा मला प्रश्न येत नाही. पण मुद्दा मान्य, सिनेमाची गाणी लावायची तर येईल.

जुना_श्रोता
आमच्या घरी रेडिओचा परवाना होता. लहानसं पुस्तक, दरवर्षी पोस्टात जाऊन शुल्क भरायचं आणि तिकीट चिकटवून घ्यायचं. वडील ते पुस्तक रेशनकार्डाबरोबर ठेवत. ऐकणाऱ्यानं पैसे द्यायचे अशी ती पद्धत होती. मुंबईत २३ जुलै १९२७ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं केंद्र सुरू केलं तेही याच भरवशावर. परवाने पुरेसे निघाले नाहीत आणि १९३०मध्ये कंपनी बुडाली. मग सरकारनं ते हातात घेतलं आणि १९३६मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं.

विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. त्याआधी माहिती खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ घालवलं होतं, तेव्हा सगळा देश रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या रेडिओकडे वळला. सिलोन जाहिरातींवर चालायचं. श्रोत्याला काय हवंय ते त्यांनी ओळखलं आणि आपल्या सरकारनं त्याला काय हवं असायला हवं ते ठरवलं. मला केसकरांचा हेतू आजही चांगला वाटतो, शास्त्रीय संगीत घराघरात पोचलं ते त्यामुळेच.

जाहिरातवाला
काका, हेतू चांगला असेल, पण श्रोते गेले ना. १९५७ साली त्याच खात्याला विविध भारती काढावी लागली.

जुना_श्रोता
श्रोते परत आले. आणि आजही जिथे जाहिरातदाराला काही मिळत नाही, तिथे आकाशवाणीच पोचते. आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती १९९७पासून स्वायत्त महामंडळ आहे, पण बहुतेक पैसा सरकारी अनुदानाचाच आहे, म्हणूनच ती डोंगरात आणि सीमेवर केंद्रं चालवू शकते.

उंबरठा
आणि म्हणूनच सरकारला अडचणीचं काही त्यावर येत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. पण इथे ताईंचा प्रश्न वेगळा आहे.

बिनतारी
हॅम रेडिओचा विचार केलाय का? परीक्षा दिली की परवाना वैयक्तिक नावावर मिळतो. पूर, भूकंप अशा वेळी फार उपयोग होतो. मी अभ्यासासाठी पुस्तकं सुचवू शकतो.

माळरान
दादा, हे गाणी आणि कार्यक्रम लावण्यासाठी चालतं का?

बिनतारी
नाही. हॅमवर प्रसारण करता येत नाही, गाणी आणि जाहिराती तर नाहीच. दोन परवानाधारकांनी एकमेकांशी बोलायचं असतं.

उंबरठा
ताई, तुमच्यासाठी सामुदायिक रेडिओच आहे. मी अशा एका केंद्रात सहा वर्षं काम केलंय, तेव्हा सविस्तर लिहिते.

रेडिओच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५मध्ये म्हटलं. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तिथून दार उघडलं. डिसेंबर २००२मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि २००४मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. नोव्हेंबर २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळू लागली. आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडचं माणदेशी तरंग हे केंद्र २००८चं आहे. जमलं तर एकदा जाऊन बघून या.

मालक ही संस्थाच असते, माणूस नाही. ना-नफा संस्था हवी, नोंदणीला अर्जाच्या वेळी किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि तेवढंच काम त्या भागात केलेलं हवं. परवानगी दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही. व्यक्ती, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था, राजकीय पक्ष आणि त्यांच्या महिला, विद्यार्थी, कामगार अशा आघाड्या यांना परवानगी मिळतच नाही. प्रक्षेपकाची प्रभावी शक्ती १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत. निम्मे कार्यक्रम तरी तिथेच तयार केलेले हवेत, शक्यतो तिथल्या बोलीत. २०२४च्या सुधारणेनंतर परवानगी १० वर्षांची झाली आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या सल्लागार समितीत किमान निम्म्या महिला हव्यात.

पैशाचं बघू. ताशी १२ मिनिटं जाहिरात घेता येते, आधी ७ होती. सरकारी जाहिरातीचा दर २०२४मध्ये १० सेकंदांना ७४ रुपये ठरला. म्हणजे तासाचे ७२ तुकडे, कागदावर ५,३२८ रुपये. कागदावर म्हणतेय, कारण ती १२ मिनिटं कधीच भरत नाहीत. आमच्या एका जाहिरातीचं बिल आठ महिने अडकलं होतं आणि तेव्हा वीजबिल आम्ही वर्गणी काढून भरलं. जाहिरातीचा पैसा केंद्रावरच खर्च करायचा, उरला तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या लेखी परवानगीशिवाय संस्थेच्या दुसऱ्या कामाला वळवता येत नाही.

आता पुन्हा विचारते. नोंदणी कधीची? देणगीदार कोण?

माळरान
नोंदणीला दोन वर्षं चार महिने झालेत. मला वाटलं नोंदणी आहे एवढं पुरे असतं.

देणगीदारांचं आता लिहितेच. त्यांचा गुळाचा कारखाना आहे. ते एका पक्षाचे तालुकाध्यक्षही आहेत. वाहिनीला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं आणि ते स्वतः समितीत असतील, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. माणूस चांगला आहे, टँकरच्या वेळी मध्यरात्री उठून आलेत. सुरुवातीला मला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

उंबरठा
यातच सगळं आहे, ताई. देणगी घेण्यावर माझा आक्षेप नाही, वडिलांच्या नावानं स्टुडिओची खोली बांधा. पण पक्षाचा तालुकाध्यक्ष समितीत बसला की संस्था पक्षाची आहे का, हा प्रश्न अर्जाच्या टप्प्यावरच निघेल. आणि निवडणुकीच्या वर्षात एखाद्या बाईला पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं असेल तर ती त्या खोलीत येईल का, हे तुम्हीच सांगा.

जाहिरातवाला
मी असहमत. पैसा देणाऱ्याला खोलीबाहेर ठेवून केंद्र किती दिवस चालेल? आणि नोंदणीला तीन वर्षं पुरी होईपर्यंत आठ महिने थांबायचं कशाला? तालुक्यात दहा-अकरा वर्षं जुनी एखादी शिक्षणसंस्था असेलच, तिच्या नावानं अर्ज करा. गावातल्या दुकानदारांना जाहिराती विका. लग्न, वाढदिवस, नवं दुकान, बियाणं. लहान जाहिरातदार रोज दिसतो आणि रोख देतो.

उंबरठा
दुकानदारांचं अगदी बरोबर, शंभर लहान देणारे एका मोठ्यापेक्षा बरे. पण दुसऱ्या संस्थेच्या नावानं अर्ज केला तर केंद्र तिचं होईल. ताईंच्या बायका तिथे पाहुण्या.

पैसे ऐकणाऱ्यांकडून येऊ शकतात, ही कल्पनाही नवी नाही. बोलिव्हियातल्या कथिल खाणीतल्या मजुरांनी पगारातला वाटा काढून स्वतःची केंद्रं चालवली. अमेरिकेत बर्कलीचं केपीएफए १९४९पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर उभं राहिलं.

जाहिरातवाला
बर्कली म्हणजे विद्यापीठाचं गाव, तिथला श्रोता वर्गणी देऊ शकतो. दुष्काळी तालुक्यातल्या बाईकडून किती घेणार?

माळरान
बचत गटात त्या महिन्याला पैसे भरतातच हो. रेडिओसाठी पाच-दहा रुपये देतील का ते विचारून बघते. आणखी एक, ग्रामसभेच्या बातम्या देता येतील का?

उंबरठा
स्वतः तयार केलेल्या राजकीय बातम्या नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. हवामान, पाणी कधी सुटणार, वीज कधी जाणार, परीक्षा, आरोग्याच्या सूचना हे बातम्यांत धरत नाहीत. तुमच्या बायकांना रोज लागतं ते बहुतेक यातच येतं.

आणि थांबावं लागणारे आठ महिने वाया जात नाहीत. आजच्या तेलंगणातल्या, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातला संघम रेडिओ ऑक्टोबर २००८मध्ये सुरू झाला, दलित महिलांनी चालवलेला. त्या बायका परवानगीच्या कितीतरी आधीपासून कार्यक्रम टेपवर घेत आणि गावोगावच्या महिला संघांच्या बैठकीत ऐकवत. तुम्हीही तेच करा.

माळरान (चार दिवसांनी)
बैठक झाली. ठराव असा: आठ महिने थांबायचं, अर्ज आपल्याच संस्थेचा. देणगीदारांना मी आणि सरपंचताई घरी जाऊन भेटलो. समितीचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले खोलीचं बघू, विचार करून सांगतो. अजून फोन आलेला नाही. पैसे जातील अशी मला धास्ती आहे, खोटं कशाला सांगू.

तोवर सहा गावांतल्या गटांना विचारलं, रेडिओ कधी ऐकाल. दुपारी दोन ते चार म्हणाल्या पाच गावांतल्या. सहाव्या गावातल्या ऊसतोडीला जातात, त्यांनी पहाटे चार सांगितलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दहा रुपयांना बहुतेक जणी तयार आहेत, पण 'आधी ऐकव, मग मागू' म्हणाल्या. दोन बैठका मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्यात.

आता नवा प्रश्न. अठरापैकी चार गावं डोंगराच्या पलीकडे आहेत, त्यात हे ऊसतोडीचं गावही. तिथे आवाज पोचेल का?

बिनतारी
हे मी सांगू शकतो. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मधे डोंगराची धार आली की पलीकडे सावली पडते आणि वॅट वाढवून फारसा फरक पडत नाही, तसेही ते वाढवता येणार नाहीत. त्यामुळे मनोरा संस्थेच्या कार्यालयावर उभारायचा असं आधीच ठरवू नका. जागा निवडायची ती चार गावांकडे बघून. तुमच्या कार्यालयाची, डोंगरधारेची आणि त्या चार गावांची समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि एकमेकांपासूनचं अंतर इथे लिहा. ऊसतोडीच्या गावापासून सुरुवात करू.