गणवेश बदलणार, पगार कापणार, शिफ्ट बारा तासांची होणार: स्टाफला काय सांगू?

इन्चार्ज सिस्टर, कोपरखैरणे

एका खासगी रुग्णालयात फिमेल वॉर्डची इन्चार्ज आहे, अकरा वर्षं इथेच. नाव लिहीत नाही. गेले दहा दिवस ड्यूटी बदलताना हँडओव्हरला पेशंटपेक्षा कपड्यांचंच बोलणं चाललंय, म्हणून विचारते.

मागच्या मंगळवारी एक टेलर स्टोअरमध्ये तीन रंगांचे स्क्रब, म्हणजे वॉर्डात घालायचे टॉप-पँट, नमुन्याला ठेवून गेला. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत त्या फोटोवरून काय काय निघालं! नेव्ही ब्लू पेरोलवाल्यांना (रुग्णालयाच्या थेट नोकरीतल्यांना), राखाडी कॉन्ट्रॅक्टवाल्यांना. दोन जोड्यांचे पैसे पगारातून. मंगळसूत्र, बांगड्या बंद. वॉर्डात मदतीला असतात त्या मावशींची साडी बंद. आणि तीन शिफ्ट मोडून आठ ते आठ ड्यूटी. त्यावर एकीने 'नवा सरकारी नियम' म्हणून बातमी टाकली. मी ती उघडून पूर्ण वाचली. ती हरियाणातल्या सरकारी रुग्णालयांची होती, फेब्रुवारी २०२३ ची. जीन्स, मेकअप, लांब नखं यांवर तिथे बंदी आणली होती. आपल्याकडे त्याचा काही संबंध नाही असं ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर आलं, "सिस्टर, तुम्हाला वरून लिहायला लावलंय का?"

ते फार लागलं मला.

रुग्णालयाच्या ॲडमिन ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "अजून काही फायनल नाही. अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगा." तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुजबुज दुप्पट.

आमच्या एक मावशी दिघ्याहून येतात, छप्पन्न वर्षांच्या. आयुष्यभर साडी. पदर खोचून पेशंटला अशा हळू कुशीवर वळवतात की नव्या मुलींना मी त्यांच्याकडे बघून शिकायला सांगते. परवा लिननरूममध्ये चादरी मोजता मोजता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "सिस्टर, पँटची लाज वाटते म्हणून नाही रडत मी. राखाडी दिला की मला काढणार, म्हणून रडते." मग कळलं की कपडा हे निमित्त आहे. शिफ्टचंही तसंच. रात्री आठला सुटून, लोकल पकडून, दिघा गाव स्टेशनवर उतरून घरी जाऊन स्वयंपाक कधी करायचा, हा प्रश्न आहे.

खरं काय ते मलाही माहीत नाही. पण रोज सकाळी पावणेआठला सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या असतात. काय बोलू?

निवृत्त मेट्रन, नौपाडा

अगं, 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे वाक्य आधी बंद कर. ते ऐकलं की माणसाला वाटतं, नक्की काहीतरी शिजतंय.

आमच्याकडे पांढरी टोपी बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा मी पंधरा दिवस गप्प बसले. वाटलं, आपोआप थंड होईल. तेवढ्यात दोन चांगल्या मुली राजीनामा देऊन गेल्या. टोपीबरोबर त्यांची नेमणूकही जाणार असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं. नुसतं विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. पण त्यांनी विचारावं असं मी वागलेच नव्हते. अजून ते मनाला खातं.

ॲडमिनला तोंडी विचारू नकोस, कागद ने. काय ठरलं, काय ठरलेलं नाही आणि ते कोणत्या तारखेला कळेल, असं एकेका मुद्द्यावर लिहून माग. 'ठरलेलं नाही' हेसुद्धा सही करून मिळालं पाहिजे. आणि मावशींना ग्रुपवर नको, समोर बसवून सांग.

इन्फेक्शन कंट्रोल नर्स, नेरूळ

दागिन्यांचं सांगते, कारण इथे थोडं खरं आणि बरंच जोडलेलं आहे. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायला सांगतात ते हात नीट धुता यावेत म्हणून. ब्रिटनमध्ये २००७ साली कोपराखाली काहीही नको असा नियम काढला, लांब बाह्यासुद्धा गेल्या. मंगळसूत्र कोपराखाली येत नाही. ते टॉपच्या आत ठेवलं आणि पेशंटवर लोंबलं नाही तर आम्ही हरकत घेत नाही. ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, नियम वेगळे.

त्याच ब्रिटिश सूचनेत असंही म्हटलं होतं की गणवेशातून संसर्ग मोठ्या प्रमाणात पसरतो याचा ठाम पुरावा नाही. त्यामुळे 'साडीमुळे इन्फेक्शन होतं' असं कुणी मावशींना सुनावत असेल तर थांबवा. पदर बेडला, बादलीला लागतो ही अडचण मात्र खरी आहे, ती नीट समजावून सांगता येते.

एक प्रश्न तुमच्या यादीत घाला: कपडे धुणार कोण? त्याच सूचनेप्रमाणे साठ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं धुवावे लागतात. घरी बादलीत ते जमत नाही. रुग्णालयाच्या लाँड्रीत धुणार असतील तर दोन जोड्या पुरत नाहीत, तीन लागतात.

एचआरमध्ये काम करतो, घोडबंदर रोड

पगारातून कशासाठी कापता येतं याची यादीच कायद्यात आहे, आणि एकूण कपात निम्म्या पगाराच्या वर जाता येत नाही. म्हणून पैसे कापणार असं ऐकलं तर 'कुठल्या कलमाखाली?' असं लेखी विचारा.

शिफ्टचं: औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कामगारांच्या शिफ्टमध्ये असा बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. जुन्या १९४७ च्या कायद्यातही एकवीसच दिवस होते. उद्या सकाळी उठून आठ ते आठ होणार नाही, एवढं आजच सांगा. पण 'कधीच होणार नाही' असं चुकूनही बोलू नका.

इन्चार्ज सिस्टर, कोपरखैरणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सहा प्रश्न लिहून नेले. तासभर बाहेर बसले, पण चार उत्तरं सही-शिक्क्यानिशी घेऊनच उठले. पैसे कापणार नाहीत. रंग विभागाप्रमाणे आहेत: नर्सिंग नेव्ही, हाऊसकीपिंग राखाडी, ओटी हिरवा. पेरोल-कॉन्ट्रॅक्टचा त्यात संबंध नाही. कपडे इथेच धुणार, तीन जोड्या. बारा तासांचा विचार फक्त आयसीयूसाठी चालू आहे, निर्णय झालेला नाही. हे शेवटचं वाचताना घसा दाटला होता, पण वाचलं. आयसीयूतल्या मुली नाराज झाल्या, मात्र कुणी मला 'वरून लावलंय का' असं विचारलं नाही.

मॉर्निंगला सांगितलं तेच इव्हनिंगला, आणि रात्री थांबून नाइटवाल्यांनाही शब्दाशब्दाने तेच.

मावशींना लिननरूममध्ये वाचून दाखवलं. रंगाचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "सही कुणाची?" मी नाव सांगितलं. त्यांनी त्या कागदाचा फोटो मुलाला पाठवायला मागितला, मी पाठवला.

दागिने आणि साडी, दोन्ही २५ तारखेवर ठेवलंय. बैठकीला मावशींपैकी एकजण बसेल असं कबूल करून घेतलं आहे. टेलरकडून सलवार-कुर्त्याचाही एक नमुना मागवलाय, त्यांच्याच मापाचा.