शाळू गेला, ऊस आला, बांधावरची पाखरंही गेली. शेतात काय बदलता येईल?

प्रश्न (कडोली, ता. बेळगाव)

नमस्कार मंडळी. आमचं शेत मार्कंडेय नदीच्या बाजूला आहे. सासऱ्यांच्या काळात पावसाळी भात आणि बटाटा, रब्बीला शाळू (रब्बी ज्वारी) आणि हरभरा असायचा. आता निम्म्यात ऊस, उरलेल्यात कोबी आणि मिरची. तेव्हा नांगरामागं बगळ्यांची रांग लागायची, शाळूवर भोरड्या उतरायच्या, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबायचे. आता मोर, कावळे आणि कबुतरं तेवढी दिसतात. चंडोल आणि लावा तर ऐकूच येत नाहीत.

मुलीनं लाकडी घरटं आणि पाण्याचं भांडं आणून गच्चीवर ठेवलंय. शेतातल्या पाखरांना याचा उपयोग होतो का? नसेल तर शेतात काय करावं? ऊस मोडणं परवडणार नाही, हे आधीच सांगते.

उत्तर (निपाणी)

ताई, घरट्यात चिमणी येईल, साळुंकीही येईल. ते राहू द्या. पण चंडोल, लावा, तितर, टिटवी ही सगळी जमिनीवर अंडी घालणारी पाखरं. त्यांना नांगराखाली न जाणारी, गवताची किंवा मोकळी जागा लागते, आणि आपल्याकडं अशी जागा एकच उरली आहे, ती म्हणजे बांध. तोही आपण दरवर्षी कोरतो नाहीतर तणनाशकानं पिवळा करतो.

तणनाशक पाखराला थेट मारत नसेल, पण गवत गेलं की त्यावरचे नाकतोडे आणि अळ्या जातात. सुगरण, चिमणी ही दाणे खाणारी पाखरंसुद्धा पिलांना किडेच भरवतात. सुगरणीची वीण पावसाळ्यात, आणि सोयाबीन-भाजीपाल्याची फवारणीही नेमकी तेव्हाच. पिलं उपाशी मरतात आणि आपल्याला कळतही नाही. युरोपात २८ देशांतल्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये एक अभ्यास आला. १९८० ते २०१६ या काळात तिथली शेतशिवारातली पाखरं निम्म्याहून जास्त घटली, आणि मुख्य कारण निघालं वाढती कीटकनाशकं आणि खतं. तिथली पिकं वेगळी, पण किडे संपले की पिलं संपतात हे इथंही तसंच आहे.

दुसरं, उसाच्या सरीत टाकायची दाणेदार औषधं. पाखरं ती बी किंवा खडा समजून टिपतात. कार्बोफ्युरान या कीटकनाशकाचा एक दाणाही लहान पाखराला मारायला पुरतो. अमेरिकेत याच कारणानं १९९० च्या दशकात त्याच्या दाणेदार प्रकारावर निर्बंध आले. टाकावंच लागलं तर लगेच मातीआड करा, बांधावर सांडलेलं तसंच सोडू नका. ऊस मोडायची गरज नाही, पाचट (उसाची वाळकी पानं) जाळायचं तेवढं थांबवा. एकाआड एक सरीत दाबलंत तर ओल टिकते, जमिनीला खत मिळतं आणि त्यात लपलेले जीव वाचतात. फड पेटवला की घरट्यासकट सगळं जातं. मला ते बघवत नाही.

उत्तर (येळ्ळूर)

आमच्याकडं भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर पेरतात, त्याला फवारणी जवळजवळ लागत नाही. त्या शिवारात अजून गप्पीदास, धोबी, वेडा राघू दिसतात.

टिटवीचं सांगते. उन्हाळ्यात ती ढेकळांत उघड्यावरच चार अंडी घालते. अंडी मातीच्या रंगाची असतात, रोटर मारणाऱ्याला दिसत नाहीत. मी चारी बाजूंनी काठ्या रोवते, वर लाल चिंधी बांधते आणि ट्रॅक्टरवाल्याला आदल्या दिवशीच सांगते. साधारण चार आठवडे थांबावं लागतं. पिलं अंड्यातून निघाली की लवकरच आईमागं चालू लागतात, मग जागा मोकळी. खाटेएवढी जमीन महिनाभर राहिली तर काय बिघडतं?

उत्तर (खानापूर)

माफ करा, पण भाताची आणि भुईमुगाची जी नासाडी आम्ही बघतो, ती बघून बोला. मोर आहेत, रानडुकरं आहेत. शाळू तर पाखरांपायीच सोडला. गोफण घेऊन माळ्यावर बसायला घरात माणूस कुठं आहे?

उत्तर (निपाणी)

दादा, तुमचं नुकसान खरं आहे, ते कुणी नाकारू नये. मोर वाढलाय हे २०२३ च्या देशव्यापी पक्षी अहवालातही आहे. त्याच अहवालात आपल्या कर्नाटकाचा राज्यपक्षी नीळकंठ मात्र झपाट्यानं घटलेल्यांत आहे, आणि तो तर भुंगेरे, नाकतोडे खाणारा. सगळ्या पाखरांना एका मापानं मोजू नका.

शाळूचं गणित असं आहे. पूर्वी सगळ्या शिवारात शाळू असायचा, भोरड्या पांगायच्या, प्रत्येकाचं थोडं जायचं. एकेकानं सोडला तसा सगळा थवा उरलेल्या एका तुकड्यावर उतरू लागला, मग त्यानंही सोडला. एकट्यानं पेरलंत तर पीक जाणारच. शेजारच्या चार-पाच जणांनी एकाच आठवड्यात पेरलंत तर कणसं एकदम भरतात, राखणही वाटून घेता येते.

प्रश्नकर्ती (कडोली)

हे मला पटलं. आमच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडं जनावरं आहेत, कडब्याला तीही हैराण आहेत. पावसाळ्याआधी दोघांशी बोलते. विहिरीकडच्या बांधावर यंदा तणनाशक नाही, विळ्यानं कापू, तेही अर्धं अर्धं. शाळू पेरायचा झाला तर मालदांडी वाण घ्यावा का? आणि हरभऱ्यात पक्षीथांबे (पाखरांना बसायच्या काठ्या) किती लावायचे?

उत्तर (निपाणी)

मालदांडीच घ्या, कडबा चांगला मिळतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओल बघून पेरा. हरभरा पेरतानाच त्यात शाळूचे थोडे दाणे मिसळा, उभी ताटं म्हणजे आपोआप थांबे. कोतवाल आणि साळुंकी त्यावर बसून घाटेअळी टिपतात. लाकडी लावणार असाल तर एकरी पंधरा-वीस पुरेत, पिकापेक्षा हातभर उंच. घाटे पक्व व्हायला लागले की मात्र हे थांबे काढून घ्या.