शब्दचर्चा: ‘मूलक’ की ‘मुक्त मूलक’?

प्रश्न: एका रसायनलेखाचे मराठी करते आहे. विषय असा: धातूचा उत्प्रेरक न घेता, नुसत्या प्रकाशाच्या मदतीने विषमवलयी ॲरोमॅटिक संयुगे (बेंझिनसारखे स्थिर वलय, पण त्यात कार्बनखेरीज दुसराही अणू) घडवणे. मूळ लेखात पानोपानी ‘रॅडिकल’ आहे. ‘मूलक’ लिहू का? शाळेत मूलकांच्या संयुजा पाठ केल्या त्या अमोनियम, सल्फेट, नायट्रेटच्या. त्यांच्यावर तर प्रभार असतो.

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. संस्कृतात ‘मूलक’ म्हणजे चक्क मुळा! इंग्रजीतले ‘रॅडिश’ आणि ‘रॅडिकल’ हेही लॅटिनमधल्या ‘मूळ’ अर्थाच्या एकाच शब्दातून आले. 1780च्या दशकात गितों द मोर्व्हो या फ्रेंच रसायनज्ञाने ‘रॅडिकल’ वापरला तो ऑक्सिजनशी जोडून आम्ल देणाऱ्या मूळ भागासाठी. म्हणजे तेव्हाचे मूलक संयुगात बांधलेलेच असे. 1900 साली अमेरिकेतल्या ॲन आर्बरला मोझेस गोम्बर्ग या रसायनज्ञाला ट्रायफेनिलमिथिल हे मूलक सुटे सापडले, जोडी नसलेल्या एका इलेक्ट्रॉनसकट. ‘मुक्त’ हे विशेषण या सुटेपणाचे आहे. आज इंग्रजीत ते गळले तरी चालते. मराठीत ते गाळले की वाचक थेट सल्फेटपाशी पोचतो. म्हणून माझे आग्रहाचे मत: दर वेळी ‘मुक्त मूलक’च लिहा, लांब वाटले तरी.

दुसरे उत्तर: सहमत. ‘ॲरोमॅटिक’ही तसेच ठेवा, ‘सुगंधी’ करू नका. पिरिडीन ॲरोमॅटिक आहे आणि त्याचा वास ज्याने घेतलाय तो जन्मात त्याला सुगंधी म्हणणार नाही. त्याच्या वलयात पाच कार्बन आणि एक नायट्रोजन. ‘विषम’ तो त्या नायट्रोजनमुळे.

प्रश्नकर्ती: आभार. एक वाक्य अडले आहे. 2012 साली जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या बुर्कहार्ड क्योनिग यांच्या गटाने फ्युरान, थायोफिन यांसारख्या वलयांवर ॲरिल गट (बेंझिनसारख्या ॲरोमॅटिक वलयाचे तुकडे) बसवले, इओसिन हा रंग आणि हिरवा प्रकाश वापरून. इथे ‘प्रकाशाने उत्प्रेरित’ म्हणू?

उत्तर: नको. उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा परत मिळतो. प्रकाश खर्च होतो. उत्प्रेरक इथे इओसिन. हिरवा प्रकाश शोषून तो डायझोनियम क्षाराला (यात ॲरिल गटाला नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी लागलेली असते) एक इलेक्ट्रॉन देतो, नायट्रोजन वायू निघून जातो, उरलेले ॲरिल मुक्त मूलक वलयाला चिकटते. मग तिथला एक इलेक्ट्रॉन काढून घेऊन इओसिन पूर्ववत होतो आणि प्रोटॉन सुटला की ॲरोमॅटिक वलय पुन्हा पुरे होते. तेव्हा अभिक्रिया ‘प्रकाशप्रेरित’ म्हणा आणि इओसिनला ‘प्रकाश-उत्प्रेरक’.

दुसरे उत्तर: आणि ‘धातुविरहित’ही जपून. इओसिन बहुधा सोडियमच्या क्षाराच्या रूपात मिळतो आणि सोडियम धातूच! ‘धातू-उत्प्रेरकाविना’ लिहिलेत तर वाक्य खरे राहील.