पिल्लू रात्रभर रडतंय, पिंजऱ्यात ठेवू का पलंगावर?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीचं बोलणं चालू आहे तिथे मध्येच घुसत नाही म्हणून वेगळं मेल टाकतेय. गेल्या शनिवारी आमच्या गोव्यातल्या साळगावच्या घरी डॅशहुंडचं पिल्लू आलं, नऊ आठवड्यांचं, दीड-पावणेदोन किलोचं, लांबुळकं आणि तपकिरी म्हणून लेकीने नाव ठेवलं खारीक. दिवसा एकदम गुणी. खातं, झोपतं, माझ्या चपलेच्या अंगठ्याशी भांडतं. रात्री साडेदहाला दिवा मालवला की सुरू, आधी कुंई कुंई आणि मग असं भोकाड की शेजारच्या आंटीने सकाळी विचारलं, "बाय, भुरगें हाडलां काय?" (तान्हं मूल आणलंय का!)

भाचा कॅनडात असतो, तो म्हणाला क्रेट ट्रेनिंग कर, म्हणजे पिंजऱ्यात झोपायची सवय लाव, म्हणून २४ इंची तारेचा घडीचा पिंजरा ऑनलाइन मागवला. पहिल्या रात्री स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला ठेवून दार लावलं तर चाळीस मिनिटं रडलं, मग आत सगळं करून ठेवलं आणि त्यातच लोळलं, रात्री एक वाजता मी त्याला आंघोळ घालतेय. दुसऱ्या रात्री आमच्या ह्यांना दया आली, पलंगावर घेतलं, झोपलं छान, पण तीनला गादी ओली आणि सकाळी पलंगावरून खाली उडी. सासूबाईंचं तिसरंच, "सुण्याक पिंजऱ्यांत कित्याक गो घालता?" म्हणजे कुत्र्याला पिंजऱ्यात कशाला घालतेस. आता मी रोज चार तास झोपतेय आणि ऑफिसच्या कॉलवर पेंगतेय. कुणी हे केलंय का? खरं सांगा.

साळगावहून, झोपाळू

---

वहिनी,

एवढं काय मनावर घेता. आमच्या पेडण्याच्या घरी कुत्रं बलकावात, म्हणजे पुढच्या ओसरीत, गोणपाटावर झोपायचं, कुणी ट्रेनिंग दिलं नाही. दोन रात्री रडेल, तिसऱ्या रात्री गप. आता तर गोवा रेबीजमुक्त झालाय, खुशाल अंगणात सोडा.

पेडण्याचा काका

---

काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे ऐकून करू नकोस गं.

आधी तो पिंजरा फ्रिजजवळून उचल आणि तुझ्या पलंगाला चिकटवून ठेव, हात खाली सोडला तर जाळीला लागेल एवढा जवळ. आठवड्याभरापूर्वी हे पोर आई आणि चार भावंडांच्या ढिगात झोपत होतं, एकदम अंधारात एकटं टाकल्यावर दुसरं काय करणार. आमच्या फोंड्याच्या घरी तिसऱ्या रात्री मी नुसती बोटं आत घातली आणि मॅडम त्यावर हनुवटी टेकून झोपल्या. माझा हात मुंग्यांनी मेला पण घरात शांतता. दोन-तीन आठवड्यांनी रोज एक-एक वीत सरकवत जिथे हवा तिथे न्यायचा.

दार पहिल्याच दिवशी लावलंस ती चूक झाली. चूक म्हणजे सगळेच करतात. दिवसा दार उघडं ठेव, जेवण आतच दे, आत उकडलेल्या चिकनचे तुकडे टाक, स्वतःहून आत जाऊन पडू दे. मग तो खात असताना दार लाव आणि संपायच्या आत उघड. वाढवत वाढवत नेलं की आत जाणं ही त्याचीच आयडिया वाटते त्याला. आणि शिक्षा म्हणून कधी आत टाकू नका, लेकीला नीट बजाव.

पिंजरा मोठा असेल तर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्या कोपऱ्यात झोप असं चालतं, म्हणून सोबत मधली जाळी आली असेल ती लाव. उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता आलं की पुरे. खाली तुझ्या जुन्या साडीची गोधडी घाल, न धुतलेली, तुझ्या वासाची. गळ्यातला पट्टा मात्र आत असताना काढ, तारेत अडकतो.

शू चं गणित: जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, साधारण तेवढे तास धरवतं, म्हणजे तुझ्या खारकेला तीन तास. रडायची वाट बघू नकोस, अकरा, दोन आणि पाचचे गजर लाव. उचलून न्यायचं, मोठा दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, लाड नाहीत, शू झाली की एकच "शाब्बास" आणि परत आत. दोन वाजता खेळायला मिळतं हे एकदा कळलं की तू संपलीस.

कुठे नेतेस तेही बघ. लसी पूर्ण व्हायच्या आधी गावातली कुत्री फिरतात त्या मातीत सोडू नकोस, पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. काका, २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' जाहीर झाला, रेबीजमुक्त नव्हे, आणि तोही वर्षानुवर्षं कुत्र्यांना लसी टोचून, त्यामुळे तीन महिन्यांचं झालं की ती लस द्यायचीच. शिवाय पावसात रात्री अंगणात मण्यार फिरते आणि बेडूक तर पायाखाली, डॅशहुंड ते तोंडात धरणार म्हणजे धरणारच. न्हाणीघरात वर्तमानपत्र टाक किंवा गच्चीत ने. लादीला फिनेल नको, पाण्यात व्हिनेगर घालून पूस, शू चा वास राहिला की पुन्हा तिथेच.

पलंग तेवढा विसर. बाकीच्या जातींना चालेल एकवेळ, पण डॅशहुंडच्या कण्यातल्या चकत्या फार नाजूक, उड्या मारून मारून मागचे पाय लुळे पडलेला मी पाहिलाय. ह्यांना दया आली तर ह्यांनीच खाली चटई टाकून झोपावं.

फोंड्याची ताई

---

ताईंनी सगळं सांगितलंय, एकच जोडतो. मी पणजी सोडून मेलबर्नला आलो तेव्हा इथलं बघून प्लास्टिकचा बंद क्रेट घेतला, वर चादर टाकायचो, मस्त चालला. तोच प्रकार मे महिन्यात गोव्याला आल्यावर केला तर पिल्लू धापा टाकायला लागलं. तारेचाच ठेवा, चादर फक्त मागच्या बाजूने, पुढून पंख्याचा वारा. टिकटिक करणारं घड्याळ ठेवा म्हणून सांगतात, आमच्याने ते खाल्लं.

---

कृपया "ओके" "छान" असली उत्तरं सगळ्यांना पाठवू नयेत. वर्गणीचं मेल अजून १४ जणांनी उघडलेलं नाही. (पिल्लू गोड आहे.)

---

मंडळी, बारा दिवस झाले म्हणून कळवते.

पिंजरा पलंगाशी आणला त्या रात्री दहा मिनिटं रडलं, तेही हळू. चौथ्या रात्री वीज गेली, पंखा बंद, मग सगळ्यांचंच जागरण, ती रात्र मी मोजत नाही. दोनच्या गजराला मी उठते आणि पाचच्या गजराला हे, म्हणजे उठायला हवं, पण लाथ मारावी लागते. दार आता लावते तेव्हा वर बघतसुद्धा नाही, गोधडीचा एक कोपरा चोखत पडतं. परवा दुपारी सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "पिंजऱ्याचें दार धांप गो, वारें लागता ताका."

ताई, एकच राहिलं. साडेपाच-सहाला पोदेर (पाववाला) येतो आणि आमच्या दाराशी भोंगा वाजवतो, पों पों, की हा खडबडून उठून जो सूर लावतो तो पोदेर पुढच्या वाड्यावर पोचेपर्यंत. पाव तर बंद करता येत नाही. ह्याला काय करायचं?