हॅमरफेल प्रांत की मांडलिक? आणि सम्राटाने त्याचं नेमकं काय केलं?

विचारणा

'एल्डर स्क्रोल्स' या व्हिडिओ गेममालिकेतल्या तॅम्रिएल खंडावरच्या साम्राज्यावर मराठीत लिहितेय. राजधानी सायरोडीलमध्ये, भोवती स्कायरिम, हॅमरफेल, हाय रॉक. यांना प्रांत म्हणू, सुभे की मांडलिक राज्यं? दुसरा प्रश्न जास्त छळतोय. आल्डमेरी डोमिनियन या एल्फांच्या शत्रुराज्याशी झालेल्या महायुद्धानंतर, चौथ्या युगाच्या 175व्या वर्षी, सम्राट दुसऱ्या टायटस मीडने तहात दक्षिण हॅमरफेलचा मोठा भाग शत्रूला देऊन टाकला. हॅमरफेलने तह धुडकावला, तेव्हा त्याने हॅमरफेललाच साम्राज्यातून बाहेर काढलं. 'बाहेर काढलं' फार मोघम वाटतं.

उत्तर

'प्रांत'च ठेवा. स्कायरिमला स्वतःचा राजा आहे म्हणून 'मांडलिक' म्हणायचा मोह होतो. पण मांडलिक खंडणी भरतो, वेळेला फौज पाठवतो, आणि वरचा राजा सहसा त्याच्या देवघरात डोकावत नाही. इथे टेलोस देवाच्या पूजेवरची बंदी राजधानीतून निघते आणि स्कायरिमलाही लागू होते. 'सुभा' म्हटलं की सुभेदार आणि मोगलाई डोळ्यांसमोर येते, म्हणून तोही नको.

'बाहेर काढलं'साठी जुन्या कागदांतला 'बेदावा' घ्या. जमिनीवरचा, वतनावरचा आपला हक्क सोडला असं लिहून देणं म्हणजे बेदावा. सम्राटाने हॅमरफेलवर बेदावा लिहून दिला.

पण बेदाव्याने स्वतःचा हक्क सुटतो, देणं सुटत नाही. आपल्याकडे ओसाड गाव पुन्हा वसवायचं तर राज्यकर्ते रयतेला कौल देत: या, जमीन लावा, सुरुवातीची वर्षं सारा कमी घेऊ, कोणाची तोशीस लागू देणार नाही. चौथाईचंही तेच. 1719च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथ मराठ्यांना मिळाली, ती बादशहाच्या चाकरीला 15,000 स्वार देण्याच्या बोलीवर. घेणाऱ्यावर बंधन येतं हे आपल्या या शब्दांतच मुरलेलं आहे. सायरोडीलने हॅमरफेलकडून कर आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या घेतली. कौल मोडला, असंच मी लिहीन.

दुसरं मत

'कौल मोडला' अन्यायाचं होईल. त्या युद्धात राजधानी पडली होती. ती परत घेतल्यावर एकाही पलटणीत निम्म्याहून जास्त सैनिक लढण्याजोगे उरले नव्हते, दोन पलटणी तर जवळपास नामशेष झाल्या होत्या. सम्राटाने उरलेलं वाचवलं. याला मराठीत 'नाइलाज' म्हणतात.

उत्तर

तह नाइलाजाने केला, हे मान्य. त्यानंतर हॅमरफेलला तोडलं, त्याला नाइलाज म्हणवत नाही. हॅमरफेलचे रेडगार्ड लोक पुढे पाच वर्षं एकटे लढले आणि 180मध्ये डोमिनियनला तिथून निघावं लागलं.

साम्राज्याच्याच एका सेनापतीला हे आधी कळलं होतं. डेसियानस हॅमरफेलमध्ये शत्रूला मागे रेटायच्या तयारीत असताना त्याला सायरोडीलकडे कूच करायचा हुकूम आला. हुकूम त्याने पाळला, पण निघण्याआधी भरपूर सैनिकांना 'निकामी' ठरवून फौजेतून मोकळं केलं आणि तिथेच ठेवलं. याच 'निकामी' माणसांभोवती जी फौज उभी राहिली, तिने 174च्या अखेरीस शत्रूला अलिकरच्या वाळवंटापार हटवलं. आपण या लोकांचं काही लागतो, हे त्या सेनापतीला उमगलं होतं. सम्राटाकडे सैन्य नव्हतं हे खरं, पण बेदावा लिहायला सैन्य लागत नाही, आणि न लिहायलाही लागत नाही.

विचारणा करणारीकडून

मग वाक्य असं करते: 'तह नाइलाजाने झाला, पण तो नाकारला म्हणून सम्राटाने हॅमरफेल प्रांतावर बेदावा लिहून दिला आणि पूर्वापार कौल मोडला.' डेसियानसच्या सैनिकांसाठी 'निकामी' अवतरणचिन्हांतच ठेवते. 'अपंग' लिहिलं तर त्याची शक्कल वाचकाच्या लक्षातच येणार नाही.